सरकारचा उशीर आणि आमची सावड

उशीर माफ केला तर समोरच्या माणसाचं काहीही नुकसान होणार नाही, असं सरकारनं हायकोर्टाला लिहून दिलं होतं. अर्ज इंग्रजीत होता. वकिलांनी त्यातलं ते वाक्य आम्हाला मराठीत सांगितलं आणि पान उलटलं. समोरचा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो माझ्या शेजारी खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता, नीट बसायलाही बिचकत होता. मी म्हटलं, "ते परत वाचा." त्यांनी परत वाचलं. तेव्हा माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, आणि यावं अशी माझी इच्छाही नाही.

नुकसान होणार नाही म्हणे! कुणाला विचारून लिहिलं हे? माल्याला येऊन बघितलं होतं कुणी?

माझं माहेर माल्याचं. लग्न होऊन मी भूगावला फ्लॅटात आले, एका बिल्डरच्या ऑफिसात हिशेब बघायला लागले, पण सुट्टी मिळाली की पाय तिकडंच वळायचे. माहेरी दोन घरं, एकच अंगण. एका घरात माझा भाऊ, दुसऱ्यात माझी काकी आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. त्याला आम्ही दोघंही दादा म्हणतो. वडील आणि काका गेल्यापासून अंगणात वडीलधारी म्हणून एक काकीच उरलेली. भाऊबीजेला मी दोन पाट शेजारी शेजारी मांडायची आणि सख्खा कोण, चुलत कोण, हे बघणाऱ्याला सांगावं लागायचं.

दोघांची खाचरंही लागून. दादाचं वर, भावाचं खाली. भाताची लावणी सावडीनं व्हायची, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून दादाच्या खाचरात, उद्या भावाच्या. पैसे देऊन मजूर सांगायची वेळ आमच्या घरांवर कधी आली नव्हती.

एका वर्षी ऐन लावणीत पावसानं दडी मारली. भावाच्या खाचरात चिखल सुकायला लागला आणि वरच्या खाचरात पाणी तुंबलेलं. भावानं न विचारता बांध फोडला. दादा धावत आला. शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली, बांधावरची चार माणसं सोडवायला मध्ये पडली, आणि त्या गोंधळात टिकावाचा दांडा दादाच्या डोक्याच्या रोखानं आला. तो त्यानं हातावर झेलला. उजव्या हाताची दोन बोटं मोडली, ती आजही सरळ होत नाहीत. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या दादानं पोलिसांना जबाब दिला. दुखणं होतं, राग होता, त्यानं सांगितलं. माझ्या भावावर खुनाच्या प्रयत्नाची केस उभी राहिली.

पाच वर्षं ती केस पुण्यात सेशन कोर्टात चालली. ती पाच वर्षं मी एकच पाट मांडला. अंगणाच्या मधोमध कुणी भिंत घातली नाही, पण काकी तिच्या दारात तांदूळ निवडत बसायची ती आमच्या घराकडं पाठ करून. सावड मोडली. दादा डाव्या हातानं रोपं खोचायला शिकला. मी हे सगळं लांबून बघितलं आणि दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घातल्या.

शेवटी निकाल लागला, भाऊ निर्दोष सुटला. बांधावरच्या प्रत्येकानं वेगळं सांगितलं होतं. दांडा कुणाच्या हातात होता हे शाबीत झालं नाही. सुटला तरी लगेच मोकळा झाला नाही म्हणा. सुटलेल्या माणसाकडूनही सहा महिन्यांसाठी जामीन लिहून घेतात, की सरकार वरच्या कोर्टात गेलं तर मी तिथं हजर राहीन. वकिलांनी सांगितलं की सरकारला अपील करायला मुदत तर तीनच महिने असते, पण कागदावर सहा आहेत तर सहा धरा. गावानं सहा धरले. सहा महिने सरले की विषय संपला, असं आमच्याकडं पारावरच्या माणसापासून पौडच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पक्कं ठाऊक झालं होतं.

काकीनंही ते सहा महिने धरून ठेवले होते, हे आम्हाला नंतर कळलं. मुदत संपली ती नेमकी लावणीच्या तोंडावर. मी तेव्हा माहेरी होते. काकी अंगण ओलांडून आली, आमच्या उंबऱ्याशी उभी राहिली आणि भावाला म्हणाली, "सहा म्हयनं झालं. सरकारबी गप बसलं. आता आपुन कशापायी तोंडं फिरवून बसायचं? उद्या आमच्यात आवणी हाय. येनार का न्हाई तेवढं सांग."

दुसऱ्या दिवशी भाऊ गेला. मीही गेले, साडी खोचून. गुडघाभर चिखलात भाऊ आणि दादा पाठमोरे उभे. रोपं खोचल्याचा तेवढा आवाज. मग भाऊ सरळ झाला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, दांडा माझ्याच हातात व्हता. तुला मारायला उचलला न्हवता, पर लागला माझ्याच हातनं."

दादानं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "म्हायती हाय मला. रोपं टाक हिकडं."

झालं. पाच वर्षं कोर्टानं साक्षीदारांना खोदून खोदून विचारलं आणि हे एक वाक्य त्यांना कुणाकडून काढता आलं नाही. ते काकीच्या खाचरात निघालं, आणि त्याच्यावरचा निकालही तिथल्या तिथं लागला. दुसऱ्या दिवशी दादा आमच्या खाचरात होता. त्या दिवाळीला मी दोन पाट मांडले. ओवाळताना माझ्या हातातलं ताट कललं, तर दादा म्हणाला, "तेल सांडशील, नीट धर." पुढच्या वर्षीची लावणीही सावडीनंच झाली.

आणि मग, दुसऱ्या वर्षीचं भात झोडायला काढलेलं असताना, हवालदार नोटीस घेऊन आला. निकालाविरुद्ध सरकारनं हायकोर्टात अपील केलं होतं. निकालाला दोन वर्षं होत आली होती, तीन महिन्यांची मुदत कधीच उलटली होती, म्हणून आधी तो उशीर माफ करा असा अर्ज होता, आणि त्यावर माझ्या भावाचं काय म्हणणं आहे ते विचारलं होतं.

भावानं मला फोन केला. मी संध्याकाळी पोचले तर तो खळ्यावर तसाच बसलेला. नोटीस मी वाचली. अपील करणार म्हणून महाराष्ट्र शासनाचं नाव होतं, दादाचं कुठंच नव्हतं. मी ते त्याला दाखवलं. तो माझ्याकडं बघून हसला, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

"ताई, सरकार कधी आपनहून हललंय का?"

इथंच सगळं नासलं. कारण त्याचं म्हणणं चूक असलं तरी येडपटपणाचं नव्हतं. आमच्याकडं विजेचा खांब वाकला तर तो सरळ करायला माणूस अक्षरशः हाताला धरून आणावा लागतो. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायचं तर चपला झिजतात. कुणी मागं लागल्याशिवाय सरकारी कागद जागचा हलत नाही, हे आम्हाला बाळकडूसारखं पाजलेलं आहे. मग दोन वर्षं गप असलेलं सरकार एकाएकी मुंबईपर्यंत जातं, तर कुणीतरी ढकललं असणारच. आणि ढकलणारा दुसरा कोण असणार?

"दादानं लावलंय हे," भाऊ म्हणाला. "मी चिखलात हुबा ऱ्हाऊन चार माणसांत कबूल क्येलं ना, त्येच यानं वर पोचवलं. काकीला फुडं घालून माझ्या तोंडातनं काढून घेतलं."

मी नाही नाही म्हणत राहिले. तेवढ्यात दादाच आला. त्याला हवालदाराचं कळलं होतं. तो खळ्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, "आईची शप्पत, मला ह्यातलं काय बी ठावं न्हाई." भाऊ उठला, आणि घरात जाऊन त्यानं दार लावून घेतलं. दादा तिथंच उभा. मला म्हणाला, "तू तरी सांग त्याला." मी काय सांगणार होते? तू भूगावला राहतेस, तुला गावातलं काय कळतंय, एवढं एक वाक्य माझ्यासाठी भावाकडं कायम तयार असतं.

म्हणून तर मी त्याला वकिलांकडं ओढत नेलं होतं. अर्जात सगळा इतिहास लिहिलेला असेल, तो त्याच्या कानावर पडावा. आणि होता लिहिलेला! निकाल लागल्यावर लगेच सरकारी वकिलांनी अपील करावं असं मत दिलं. मग ते मत एका कचेरीतून दुसरीकडं गेलं. तिथले साहेब बदलून गेले. नवे आले ते निवडणुकीच्या कामाला गेले. कागद अपुरे म्हणून परत आले. साक्षींचं भाषांतर व्हायचं राहिलं. मग फाइल दुसऱ्याच गठ्ठ्यात सापडली. प्रत्येक ठिकाणी शेवटी एकच पालुपद, की उशीर मुद्दाम केलेला नाही.

मी वकिलांना विचारलं, "यात माझ्या चुलतभावानं कुठं अर्ज केला, पाठपुरावा केला, असं आहे का?"

"छे, त्यांचा काय संबंध? हे आपोआप चालतं. फक्त हळू चालतं."

म्हणजे काकी सहा महिने श्वास धरून होती तेव्हा फाइल चाललेली होती. भाऊ चिखलात उभा राहून कबूल करत होता, दादा रोपं मागत होता, मी दोन पाट मांडत होते, तेव्हा ती कुठल्यातरी टेबलावर दुसऱ्या फायलींखाली पडून होती आणि तरीही कायद्यानं चाललेलीच होती. आमच्यापैकी कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती. आम्हाला कुणी एका शब्दानं कळवलं असतं, की बाबांनो थांबा, अजून आमचं ठरायचं आहे, तर भावानं तोंड उघडलं नसतं आणि आज त्याला दादावर संशय घ्यायला जागाही उरली नसती. आणि हे लोक लिहितात की नुकसान होणार नाही.

बाहेर आल्यावर मी भावाला म्हटलं, "ऐकलंस ना? आपोआप चालतं."

"लिव्हायला काय जातंय?" तो म्हणाला.

मी काम करते त्या ऑफिसात दाराशी अंगठा उमटवायचं यंत्र आहे. चांदणी चौकात गाड्या तुंबल्या आणि मला पंधरा मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात. गाड्या मी तुंबवल्या नव्हत्या, माझा हेतू वाईट नव्हता, हे त्या यंत्राला सांगायची सोय नाही. माझ्या भावाला एका फेरफारावर हरकत घ्यायची होती, तेव्हा तो तापानं आठवडाभर अंथरुणावर होता, उठून गेला तर मुदत संपलेली. परत पाठवलं, आणि नियमानं बरोबरच पाठवलं असेल. मग हा नियम एकट्या आमच्यासाठीच का? ज्याच्याकडं वकिलांची फौज आहे, कारकून आहेत, गाड्या आहेत, त्याला कॅलेंडर बघता येत नाही आणि आम्ही मात्र घड्याळाला बांधलेले!

आता कुणी म्हणेल, बाई, तुझा भाऊ अडकलाय म्हणून तू बोलतेस. तसं नाही. खालचं कोर्ट चुकतं. ज्यांचं माणूस मारलं गेलंय आणि मारणारा समोरच्या गल्लीत मिशीला पीळ देत हिंडतोय, त्यांच्यासाठी सरकारनं उशिरा का होईना वरचं दार वाजवावं, माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्यासाठी वाजवताय त्याला एकदा विचारा तरी! तो पौडच्या पुढं बसनं अर्ध्या तासावर राहतो. त्याची बोटं मोडली होती, जीभ नाही.

सुनावणीला आम्ही चांदणी चौकातून सकाळची बस धरून मुंबईला गेलो. भावाला यायची गरज नाही असं वकील म्हणाले होते, पण आपल्याबद्दल बोलणार आणि आपण तिथं नको, हे त्याला पटेना. आम्ही मागच्या बाकावर बसलो. नंबर यायला दुपार झाली. मधेच माझं लक्ष दाराकडं गेलं तर तिथं दादा. लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट, कोपऱ्यात अंग चोरून उभा. कुणाला न सांगता एकटा आला होता. मी भावाकडं बघितलं. त्यानंही पाहिलं होतं.

आमचं नाव पुकारलं. सरकारी वकिलांनी टेबलांची आणि बदल्यांची तीच गोष्ट सांगितली. आमचे वकील बोलले, चांगले बोलले. न्यायाधीश शांत आणि सभ्य होते, उगाच खोटं कशाला बोलू. ते म्हणाले की कर्मचाऱ्यांच्या ढिलाईचा फटका न्यायाला बसता कामा नये, गुन्हा गंभीर आहे, आणि निकाल तपासून बघितला तर कुणाचं फारसं बिघडत नाही. उशीर माफ. कपातला चहा निवायला लागेल तेवढाही वेळ गेला नाही.

तेवढ्यात दादा दोन पावलं पुढं आला आणि त्यानं हात वर केला. शाळेत करतात तसा, उजवा हात, दोन वाकडी बोटं तशीच दुमडलेली. त्याला बोलायचं होतं. दाराजवळच्या शिपायानं त्याला खूण करून मागं घेतलं आणि पुढचा नंबर पुकारला गेला. हे सरकारचं अपील, त्यात जखमी माणूस पक्षकार नसतो, त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. हे मला वकिलांनी नंतर सांगितलं. तिथं तर नुसता उचललेला हात दिसला आणि खाली आला.

बाहेर व्हरांड्यात दादानं भावाला गाठलं. "मी साहेबास्नी सांगाया आलो व्हतो रं. मला अपील नगं. आमचं मिटलंय, एवढंच सांगायचं व्हतं."

भाऊ म्हणाला, "हात दावाया आला व्हतास तू. दावलास ना? झालं की मग तुझ्या मनासारखं."

दादानं तो हात खिशात घातला. मी दोघांच्या मध्ये उभी राहून ओरडले, कुणावर ते मलाच ठाऊक नाही. काळा कोट घातलेली दोन माणसं वळून बघायला लागली. दादा जिना उतरून गेला. परतीच्या बसमध्ये भाऊ पूर्ण वेळ खिडकीकडं तोंड करून होता.

पुढं अपील दाखल करून घेतलं गेलं. भावाला पुन्हा पुण्याला जाऊन जामीन द्यावा लागला, पहिल्यासारखाच. सुनावणी कधी, असं विचारलं तर वकील म्हणतात, वर्षंही लागतील. आता मात्र कुणाला घाई नाही.

या वर्षी लावणीला भावानं पौडहून मजूर आणले, बिहारकडचे. पोरं कामाला चांगली होती. मी शनिवारी पोचले तर खाचरात काम सुरू झालेलं आणि बांधावरून काकी येताना दिसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि ती त्या पोरांच्या रांगेत शिरली. रोपांची जुडी उचलली, वाकली, खोचायला लागली. मजूर आपसात "अम्मा, अम्मा" करून सरकून तिला जागा देत होते.

भाऊ म्हणाला, "काकी, वर या."

ती वाकलेलीच. "सावड हाय. लई वर्सांची हाय."

"मजूर सांगितल्यात मी. तुमी वर या."

तेव्हा काकी उभी राहिली. चिखलाचे हात कमरेवर ठेवले. "सरकार दोन वर्सं उशिरानं आलं, तर त्याचं समदं खरं मानलंस. आन मी येळंवर आले, तर मला वर ये म्हनतूस?"

भावानं मान खाली घातली. वर या असं तो परत म्हणाला नाही. बांधाच्या पार टोकाला जाऊन तो पाठ करून बसला आणि संध्याकाळी काकी हातपाय धुऊन घरी जाईपर्यंत तिथून उठला नाही.

दुसऱ्या दिवशी दादाच्या खाचराची पाळी. सावडीचा तसाच नियम. मी सकाळी भावाच्या दारात उभी राहून म्हटलं, "चल." तो चहा पीत होता. चहा संपला तरी कप हातातच धरून बसला. मी थोडा वेळ थांबले आणि एकटीच निघाले.

खाचरात दादा आणि काकी, दोघंच. दादा डाव्या हातानं रोपं खोचत होता. माझी चाहूल लागली तसा तो सरळ झाला आणि माझ्याकडं नाही, माझ्या मागं वाटेकडं बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मी चपला बांधावर काढल्या आणि चिखलात उतरले.